नंदूचं टेबल

माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा झाला तरी शी आली की हॉलमधल्या टेबलावर चढून उताणा पडायचा. खुर्ची ओढायचा, खुर्चीवरून टेबलावर जायचा, आपल्या हाताने चड्डी खाली सारायचा आणि दोन्ही पाय वर करून हाक मारायचा, "आई, ये." इतका उंच झाला होता की पाय खाली सोडले तर टेबलाच्या बाहेर लोंबायचे. मग मी हातातलं काम टाकून जायचं, त्याच्याखाली दुपटं घालायचं आणि समोर उभं राहायचं. पावणेतीन वर्षांच्या मुलाची शी म्हणजे काही तान्ह्या बाळाची शी नव्हे. तो वरणभात खातो, अंडं खातो, कोळंबीचं कालवण खातो. जास्त सांगत नाही, ज्यांनी काढली आहे त्यांना कळेल.

असलं कुणी लिहीत नाही. पण लिहिणार आहे, आणि नवऱ्याबद्दल एकेरीत लिहिणार आहे. तोंडावर मी त्याला अजून अहो-जाहोच करते, ते पुरे झालं.

तर श्यामसुंदर, म्हणजे माझा नवरा, बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर होता. तिथे नवा प्लान्ट उभा करायला एक जर्मन इंजिनीअर बायको आणि बाळासकट येऊन राहिला होता. त्र्याऐंशी साली तो परत निघाला तेव्हा घरातलं सामान त्याने लोकांना वाटून टाकलं. कुणाला फ्रिज मिळाला, कुणाला गालिचा मिळाला. श्यामसुंदरची बायको नुकतीच बाळंत झालेली, म्हणून त्याच्या वाट्याला हे टेबल आलं. बाळाचे कपडे बदलायचं टेबल. असं काही जगात असतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. कंबरेएवढं उंच, पांढरंशुभ्र, खाली चार खण, वर तीन बाजूंनी कठडा, रेक्झिनची निळी गादी आणि बाळाला बांधून ठेवायला पट्टा.

वाशीला सिडकोच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. टेम्पोतून आलेलं ते धूड चार माणसांनी जिन्याने वर चढवलं. आतल्या खोलीत जागा होती. माझी खाट जरा भिंतीकडे सरकवली असती तर आरामात बसलं असतं. पण आतल्या खोलीत ते बघणार कोण? म्हणून ते हॉलमध्ये शोकेसच्या शेजारी, दारातून आत आलं की पहिलं दिसेल असं ठेवलं गेलं.

तेव्हा वाशी गावातली पुतळामावशी मला आणि बाळाला अंघोळ घालायला यायची. साठीची, काळीसावळी, कासोटा घातलेली, हाताला खोबरेल तेलाचा वास. तिने टेबलाभोवती एक फेरी मारली, गादी बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाली, "ह्यो काय मावरं कापाचा पाट हाय गो?" मासळी कापायचा पाट म्हटल्यावर मी हसले. श्यामसुंदर हसला नाही.

पुतळामावशीने नंदूला दुसऱ्या महिन्यातच पायावर घ्यायला सुरुवात केली होती. आपल्याकडे सगळ्याच घरांत घेतात. आपण पाटावर बसायचं, पाय थोडे फाकून समोर सोडायचे, दोन पावलांच्या मध्ये बाळाला बसवायचं, हातांनी त्याला धरायचं आणि तोंडाने शूऽऽ करत राहायचं. रोज ठरावीक वेळी. सहाव्या-सातव्या महिन्यात मूल त्या आवाजाला ओळखायला लागतं आणि दीड वर्षाचं झालं की आपणहून सांगायला येतं. माझ्या आईने आम्हा पाच भावंडांना असंच वाढवलं. कुणालाही हे शिकावं लागत नाही आणि कुणी कुणाला शिकवतही नाही.

टेबल आल्याच्या तिसऱ्या दिवशी श्यामसुंदरने ते बंद केलं. "हा गावठीपणा आता पुरे. मुलाच्या कण्यावर परिणाम होतो," तो म्हणाला. कशावरून, तर टेबलाबरोबर एक पुस्तिका आली होती. ती जर्मन भाषेत होती. श्यामसुंदरला जर्मन येत नव्हतं, चित्रं तेवढी समजत होती. चित्रात सोनेरी केसांची एक बाई ताठ उभी होती आणि टेबलावर एक गुबगुबीत पोर हसत होतं. पाटावर बसलेली बाई कुठल्याच चित्रात नव्हती, तेवढा पुरावा त्याला पुरला.

पुतळामावशीने आठवडाभर दम धरला. मग एक दिवस तिने नंदूला माझ्या हातात दिलं आणि श्यामसुंदरला म्हणाली, "सायेब, मंग त्या मेजालाच सांगा पोराला मोठा कराला." आणि गेली ती पुन्हा आली नाही.

मी तिला परत बोलवायला गेले नाही. खोटं कशाला बोलू, मलाही ते टेबल आवडलं होतं. माझी कंबर दुखत होती आणि टेबलापाशी वाकावं लागत नव्हतं. समोरच्या फ्लॅटमधल्या सुचित्रावहिनी मुद्दाम बघायला आल्या आणि "बाई, तुमची मज्जा आहे," म्हणाल्या तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. त्या गुदगुल्यांची मला आज किळस येते.

मग सुरू झाला तो तमाशा. आमच्याकडे कुणीही आलं, त्याचा साहेब असो, माझी मावशी असो, सोसायटीच्या मीटिंगला जमलेली माणसं असोत, की श्यामसुंदर टेबलाची माहिती सांगायला लागायचा. तेवढ्यात नंदूने दुपटं भरवलं की त्याला कोण आनंद. "हे बघा, आता बघा. कंबर वाकवायला नको, काही नको. तिकडे असंच असतं." लोकांच्या हातात चहाचे कप, बशीत चिवडा, आणि चार हातांवर मी पोराचं ढुंगण पुसतेय. पाहुणे बिचारे चिवडा चघळायचे थांबायचे आणि छान छान म्हणायचे. काम उरकलं की श्यामसुंदर टाळ्या वाजवायचा. "शाब्बास, नंदू." मग पाहुणेही वाजवायचे.

पोरं काय, जे शिकवू ते शिकतात. नंदू शिकला की शी करायची म्हणजे हॉलमध्ये, उंचावर, पाठीवर पडून, पाय वर करून, आई समोर उभी असताना. दुसरी कुठलीही जागा, दुसरी कुठलीही पद्धत त्याच्या अंगाला माहीतच नव्हती.

वर्षभरात गादीचं रेक्झिन शिवणीवर उसवलं. श्यामसुंदरने कंपनीतून काळी चिकटपट्टी आणून लावली. ओलं आत जायचं ते जातच राहिलं. मी डेटॉलने पुसायचे, कडेकडेने फडकं फिरवायचे, वरून पावडर मारायचे. हॉलमध्ये एक आंबूस, गोडसर वास कायमचा मुक्कामाला आला. पाहुण्यांनी नाक हुंगलं की श्यामसुंदर खिडकीकडे हात करून म्हणायचा, "कंपन्यांचा वास आहे हो. संध्याकाळी येतो खाडीकडून." वाशीत राहणाऱ्या कुणालाही ते पटायचं.

दीड वर्षाचा असताना नंदूने उसळी मारली आणि पट्टा तुटला. मी हात घातला म्हणून खाली डोक्यावर पडायचा वाचला. तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं, "अहो, आता बंद करूया हे टेबल."

"चांगलं चालू दे त्याला, मग बघू," तो म्हणाला. चालायला लागला होता, पळायलाही लागला. मग म्हणाला, बोलू दे. बोलायलाही लागला. मी पुन्हा विचारलं तेव्हा श्यामसुंदर पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "पुस्तिकेत तीन वर्षं दिलंय. तीन वर्षांपर्यंत वापरायचं. ते लोक मूर्ख आहेत का?" मला वाटलं असेल बाबा, त्याने कुणाला तरी विचारलं असेल.

शहाऐंशीच्या मे महिन्यात माझ्या बहिणीचं, मीनाचं लग्न होतं. पेणला माहेरी चार दिवस जायचं होतं. टेबल काही एसटीत घालता येत नव्हतं. श्यामसुंदर म्हणाला, टेबलाची गादी हलवू नको, पाळण्यातली ने. मी अक्षरशः ती गादी चादरीत गुंडाळून, वरून दोरी बांधून एसटीच्या टपावर चढवली. पेणच्या घरी ती शिवणाच्या टेबलावर घातली. नंदूने तिच्याकडे पाहिलं, शिवणयंत्राकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे नाही."

हळदीच्या दिवशी त्याने केलं नाही. लग्नाच्या दिवशी नाही. आईने त्याला मागच्या अंगणात बसवायला नेलं तर त्याला उकिडवं बसताच येईना. तो ताठ उभा राहिला आणि आईच्या पदराला धरून थरथरायला लागला. आईने माझ्याकडे बघितलं. "अगं, तू याला पायावर घेतलंच नाहीस?" तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरभर लग्नाची माणसं आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच विषय, माझ्या मुलाचं पोट.

चौथ्या दिवशी ते पोट दगडासारखं झालं आणि अंग तापलं. मी पूजा न बघता वाशीला परत आले. त्याला टेबलावर ठेवलं, तर आता तिथेही होईना. आत सगळं घट्ट बसलं होतं आणि जोर केला की त्याला दुखायचं, दुखलं की तो धरून ठेवायचा. डॉक्टरांनी पिचकारीने ते काढलं. मी त्याचे हात धरले होते, कंपाउंडरने पाय धरले होते. त्याच्या किंचाळण्याने बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले म्हणे. थोडं रक्त आलं.

डॉक्टर हात धूत म्हणाले, "एवढा मोठा मुलगा, करतो कुठे हा?"

मी सांगितलं. त्यांनी नळ बंद केला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं.

"आजपासून ते टेबल बंद. आणि हे बघा, तीन दिवसांत याने आपणहून केलं नाही तर मी इथे पुन्हा हात लावणार नाही. ठाण्याला दाखल करावं लागेल. एकदा भीती आतड्यात बसली की वर्षानुवर्षं निघत नाही."

घरी येऊन थर्मामीटर शोधायला मी टेबलाचा खालचा खण उपसला. तळाशी ती जर्मन पुस्तिका होती. तिच्यात घडी केलेला कंपनीचा कागद, त्यावर श्यामसुंदरच्या अक्षरात एकेका चित्राखालचा मजकूर मराठीत लिहिलेला. जर्मन समजणाऱ्या कुणाकडून तरी त्याने करून घेतला होता. शेवटची ओळ अशी होती: मूल आपणहून कुशीवर वळू लागल्यावर टेबलाचा वापर बंद करावा. खाली तारीख होती, फेब्रुवारी चौऱ्याऐंशी. नंदू त्याच्या दोन महिने आधी पालथा पडला होता, मी गूळखोबरं वाटलं होतं.

श्यामसुंदर फर्स्ट शिफ्ट करून आला तेव्हा मी तो कागद त्याच्या पुढे धरला. त्याने चष्मा लावून वाचला, जणू पहिल्यांदाच बघतोय.

"अगं, ते लोक जरा जास्तच काळजी करतात," तो म्हणाला.

"तुम्ही तीन वर्षं म्हणालात."

"चार महिन्यांत बंद करायचं म्हणजे काय? एवढं टेम्पो करून आणलं. लोक बघायला येतात, त्यांना काय सांगायचं?" मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "आणि तुलाही आवडत होतंच की."

तेही खरं होतं, म्हणून तर मला जास्त भडका उडाला. मी जाऊन ती गादी धरली आणि ओढली. ती निघेना. खाली चिकटली होती. दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा फाटल्यासारखा आवाज करत सुटली. खालची पांढरी फळी तपकिरी झाली होती, मध्ये काळं वर्तुळ, कडेला पिवळा थर. त्यात माझी पावडर थिजून तिचे गोळे झालेले, आणि कोपऱ्यात झुरळांच्या अंड्यांची रांग. एक झुरळ सावकाश निघून गेलं, त्याला घाई नव्हती. दोन वर्षं मी ह्यावर रोज स्वच्छ दुपटं अंथरत होते. मला तिथेच ओकारी आली. श्यामसुंदर केव्हाच गॅलरीत जाऊन उभा होता.

गादी मी खाली कचराकुंडीत टाकून आले. परत येते तर नंदू त्या उघड्या फळीवर उताणा पडलेला, पाय वर. मग सुचित्रावहिनींना हाक मारली, दोघींनी मिळून ते टेबल गॅलरीत नेलं आणि तोंड भिंतीकडे करून ठेवलं. नंदू असा रडला की जणू मी त्याचं कुणी मारलंय.

दोन दिवस गेले. मी त्याला पाटावर बसवलं, पॉटवर बसवलं, लाडीगोडी लावली, ओरडले. एकदा चापटही मारली. त्याचं एकच, "वर, वर." तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचं पोट पुन्हा कडक लागलं. मी त्याला कडेवर घेऊन वाशी गावात पुतळामावशीच्या दारात गेले. ती ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. तिने मला ओळखलं, नंदूला नाही ओळखलं.

"कवरा मोठा झायला गो," ती म्हणाली. मी सगळं सांगितलं, कागदाचंही सांगितलं. ती बोंबील निवडत राहिली.

"मावशी, तुम्ही या. तुमच्या पायावर बसेल तो."

"माजे पाय तेला कशे माहीत असतील आता? तुजा पोर हाय, तुजे पाय. तू बस." तिने नंदूच्या पोटावरून हात फिरवला. "एरंडेल कोमट कर नि बेंबीभोवती चोल. मंग घे पायावर. नि एक सांगू, तोंड वाकरं करू नको. तुला घान वाटली का तेला कलतंय. पोर खाली बघत नाय, तोंडाकरं बघतंय."

मी मान हलवली. दोन वर्षं त्या टेबलापाशी माझं तोंड कसं असायचं ते मला चांगलं माहीत होतं.

दुपारी मी बाथरूममध्ये पाट टाकला. नंदूच्या पोटाला तेल चोळलं, साडी गुडघ्यापर्यंत सारली, पाय समोर सोडले आणि त्याला माझ्याकडे तोंड करून पावलांच्या मध्ये बसवलं. तेरा किलोचं पोर. त्याचे गुडघे त्याच्या कानांना लागत होते. तो घाबरून माझ्या खांद्यांना धरून लटकला आणि वर छताकडे बघायला लागला, कारण आजवर शी करताना त्याने छतच पाहिलं होतं. मी शूऽऽ करायला लागले. ज्या आवाजाने दोन महिन्यांचं बाळ सैल होतं तो आवाज मी पावणेतीन वर्षांच्या मुलापुढे काढत होते आणि त्याला त्याचा अर्थ कळत नव्हता.

माझ्या पायांना मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी त्याला चिऊची गोष्ट सांगितली, पेणच्या आजीची सांगितली, पुन्हा शूऽऽ केलं. हळूहळू त्याचे हात ढिले पडले. त्याने छत सोडलं आणि माझ्याकडे बघितलं. कपाळावर घाम आला, ओठ चावला. "आई, दुखतं," म्हणाला. मी म्हटलं, "दुखू दे, मी आहे." आणि मला कळलं की येतंय.

तेवढ्यात दारात श्यामसुंदर. शिफ्ट संपवून आलेला, बूटसुद्धा काढले नव्हते. त्याने आत पाहिलं आणि खिशातला रुमाल नाकाला लावला.

"शी, हे काय चालवलंय? बाथरूममध्ये? पायांवर? उठव त्याला आधी. साहेब यायचेत पाच वाजता, त्यांच्या मिसेसना टेबल बघायचंय. मी ते पुसून आत आणतोय."

नंदूने त्याच्याकडे पाहिलं. रुमालावरचे ते आक्रसलेले डोळे, ती वळलेली मान. माझ्या पायांवर मला त्याचं अंग घट्ट होताना कळलं. आलेलं सगळं त्याने परत आत ओढून धरलं आणि तोंडाने रडण्याचा आवाजही न काढता तो रडायला लागला.

मी एक हात त्याच्या पाठीवर ठेवला, दुसरा लांब केला आणि श्यामसुंदरच्या तोंडावर दार लोटलं. खालची कडी लावली.

"अगं, ऐकतेस का?" तो बाहेरून म्हणाला. "वास हॉलमध्ये येतोय. निदान टेबल धरू तरी लाग."

मी ऐकत नव्हते. मी नंदूच्या तोंडाकडे बघत होते. त्याने दाराकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "बाबा गेले?"

"गेले," मी म्हटलं.

त्याने माझ्या गळ्याला मिठी मारली, गाल माझ्या गालाला लावला, आणि मग माझ्या दोन्ही पावलांवर ते ऊन-ऊन, जड, तीन दिवसांचं सगळं आलं. बोटांच्या फटींतून खाली उतरलं. त्याचं पोट माझ्या हाताखाली मऊ होत गेलं. मी तशीच बसून राहिले, पाणी ओतायचीही घाई केली नाही. मला कसलीच घाण वाटत नव्हती. बाहेर श्यामसुंदर कडी वाजवत होता, घाण वाटली ती त्याची.